पांघरूण घातलेले शब्द

१४ ऑक्टोबर, सोमवार

उपशामक! कुठून आला हा शब्द माझ्या तोंडात? आयुष्यात कधी वापरला नव्हता.

डॉक्टरीणबाई ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणाल्या. नाना माझ्याकडे बघायला लागले. मी शाळेत प्रार्थना म्हणतात तशा आवाजात म्हटलं, "उपशामक उपचार, नाना." ते म्हणाले, "असं होय." आणि गाडीत बसल्यावर — "स्वानंदे, ते उपशामक जेवणाआधी घ्यायचं का नंतर?"

देवयानी मामीचा हुकूम आहे. नानांना कॅन्सर कळता कामा नये. "तू गाठ म्हण. औषधानं विरघळेल म्हण. माझे वडील आहेत, मला माहितीय ते कसे खचतील." ती स्वतः आत येत नाही, डॉक्टरांसमोर रडू फुटतं तिला. मामा सारखा टूरवर. मग अमेरिकेतल्या, नोव्हायच्या या घरात रिकामं कोण? मी! जन्म वेस्ट विंडसरचा, वाढले साताऱ्यात, पासपोर्ट अमेरिकेचा, दोन कॉलेजं अर्धी, तीन राज्यांत पाच नोकऱ्या. कुठंच टिकले नाही. आता दुभाषी.

खोटं बोलले नाही मी. पण मग नाना ‘जेवणाआधी का नंतर’ का विचारतायत?

१६ ऑक्टोबर

लायब्ररीच्या दारात फुकट पुस्तकांची पेटी असते. त्यात एक मिळालं — इंग्रजीतले लॅटिन शब्द, मुळासकट. पॅलिएटिव्ह शोधायला घेतलं आणि दोन तास भलतीकडेच!

इंग्रजीत सगळं दोनदा आहे. घरातलं एक, बाहेरचं एक. टूथ घरातला, डेंटल बाहेरचा. मून आणि लूनर. फादर आणि पॅटर्नल. घरात कुत्रा डॉग, पोलिसांच्या गाडीवर कनाइन! आपलंही तसंच की. दात दुखतो, पण पाटीवर दंतचिकित्सालय. माणूस जातो, पेपरात निधन पावतो.

‘डाउट’मधला बी कुणी म्हणत नाही. आधी तो नव्हताच. लॅटिनमध्ये होता म्हणून पंडितांनी मागाहून घुसवला. कॉलेजात सर माझी वाक्यं लाल करायचे — ‘विथ’वर संपवू नकोस. तेही लॅटिनमध्ये चालत नाही म्हणून! सासू वारली तरी तिचे नियम चालूच.

पॅलिएटिव्ह सापडला शेवटी. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. झाकायचं. पांघरूण घालायचं.

पुस्तक मिटलं.

१७ ऑक्टोबर

नानांनी आज अर्धीच भाकरी खाल्ली.

२० ऑक्टोबर, रविवार

नानांनी माझी वही उघडली. चष्मा पुसून म्हणतात, "हे लॅटिन का? मग मला येतं." मी हसले. तर त्यांनी धडाधड लिहूनच दाखवलं — ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस लागेल तसं. इस्लामपुरात चाळीस वर्षं कंपाउंडर होते. इंग्रजीत पत्ता विचारता येत नाही, पण डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येते!

"डॉक्टर असं का लिहायचे, माहितीय?"

"का?"

"पेशंटला कळू नये म्हणून." आणि हसले. "मग पेशंट काउंटरवर माझ्याकडे यायचा. मी साध्या मराठीत सांगायचो. तेवढंच माझं काम. बाकी काय, बाटलीत पाणी घालणं."

मी उठून चहा टाकला. चहा नको होता कुणाला.

२३ ऑक्टोबर

आज मी ते केलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली, नानांच्या डोळ्यांत बघून विचारलं — तुमच्यासाठी आता सगळ्यात महत्त्वाचं काय? मी नीट मराठीत विचारलं. नाना म्हणाले, "घरी जायचंय. दवाखान्यासमोरच्या कट्ट्यावर बसायचंय. येणारा-जाणारा ओळखीचा पाहिजे."

मी इंग्रजीत सांगितलं — त्यांना बरं होऊन घरी जायचंय.

बरं होऊन! दोनच शब्द माझे. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. मग त्या म्हणाल्या, ठीक आहे, तशी इच्छा असेल तर आणखी एक औषध लावून बघू, तीन महिने इथंच राहावं लागेल. मामी फोनवर म्हणाली, "थँक गॉड. शहाणी आहेस गं तू."

नानांचे तीन महिने मी दोन शब्दांत घेतले. त्यांच्याकडे आहेत तरी किती?

२४ ऑक्टोबर

बॅग भरली. कॉलोराडोतली मैत्रीण अनिका म्हणते, ये, सोफा रिकामा आहे. दर वेळी असंच करते मी — अवघड झालं की बस पकडायची.

नाना दारातून म्हणाले, "कुठं दौरा? मंगळवारी मला डॉक्टरकडे नेणारेस ना?"

बॅग भरलेलीच आहे. मी इथंच.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं! म्हणजे मी नाही. आत गेल्या गेल्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं, ते बरं होऊन म्हणालेच नव्हते. मला हे काम नको, फोनवरचा दुभाषी लावा. त्या रागावल्या नाहीत. बटण दाबलं.

फोनमधून बाईचा आवाज — "नमस्कार, मी इला. जे बोललं जाईल ते सगळं सांगेन." डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? नाना म्हणाले, "सगळं."

इलाबाईंनी एकही जड शब्द वापरला नाही. कॅन्सर आहे. पसरलाय. औषधानं बरा होणार नाही. दुखणं मात्र कमी ठेवता येईल. मी भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडे बघत बसले.

नानांनी दोनच प्रश्न विचारले. किती दिवस? — काही महिने. विमानात बसता येईल? — आत्ता येईल. मग म्हणाले, "इलाबाई, तुम्ही सोलापूरकडच्या का हो?"

गाडीत मी रडले, ते नाही. "संशय होताच गं. पण संशयावर माणसाला तिकीट काढता येत नाही." घराच्या वळणावर — "देवयानीला सांगू नकोस मला कळलंय ते. खचेल पोर. मला जपतेय, एवढंच तिच्या हातात आहे."

दोघंही तेच म्हणतात. आणि मध्ये मी.

२ नोव्हेंबर

नानांनी नाटक सुरू केलंय. चकली बाजूला सारली. "या देशातलं पाणीसुद्धा पचत नाही. थंडीनं हाडं वाजतात. मला इस्लामपूरला पाठव!"

मामी म्हणाली, "नाना, औषध चालू करायचंय ना?"

"गाठच आहे ना? तिथं विरघळेल. रिटर्न तिकीट काढ, मे महिन्यात येतोच. आल्यावर तुझ्या त्या गार्डनमध्ये मिरच्या लावू."

मामी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. रिटर्नच काढते."

४ नोव्हेंबर

मामीनं तिकिटांचा ईमेल पाठवला. दोन प्रवासी. स्वानंदी — जाऊन-येऊन. नाना — फक्त जायचं.

खाली एकच ओळ: "नानांना दाखवू नकोस."