सरमुकादमांचं दार

शनिवार पेठ, पुणे
६ जानेवारी २०२५

ती. हेमाआत्यास,
आमोदचा सा. न. वि. वि.

ज्या क्षणी अस्मितानं माझ्या मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवून विचारलं, की काय रे, या दारामागे खरंच घर असेल का, त्या क्षणी माझं सगळं बदललं. कॉलेज सोडलं तो क्षण नव्हे. तो आपला सगळ्यांना वाटतो. तिसऱ्या वर्षाच्या मध्यात विभागप्रमुखांशी हजेरीवरून वाजलं, मी त्यांच्या केबिनचं दार आपटून बाहेर पडलो, काचेला तडा गेला आणि मी परत गेलो नाही. त्यानं बाबांचं माझ्याशी बोलणं बदललं, एवढंच.

तू परवा जाहीर केलंस, की मी ओरडून फोन कापतो म्हणून यापुढे मला काही सांगायचं असेल तर कागदावर सांगायचं, कारण कागदावर ओरडता येत नाही. येतं!!! हे बघ. पण तू साताऱ्यात, मी इथे, आणि ही गोष्ट बाबांना सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहितो.

अस्मिता म्हणजे माझा मित्र वरद, त्याच्या मामेबहिणीची, सुरुचीची, रूम पार्टनर. मूळची हिंगणघाटची. बाणेरला आयटीत आहे, आणि दोघी राहतात विश्रांतवाडीला. हसायला लागली की आधी तिचं नाक हसतं, मग बाकीची. तिला मी अजून काही बोललेलो नाही. वरदचं म्हणणं, तिला सोडून सगळ्या पेठेला कळलेलं आहे.

तर तू ज्या वेळात कुणाचा फोन घेत नाहीस, ती तुझी ‘सरमुकादमांची सून’ आम्हीही चौघं बघतो. दर शुक्रवारी राजवर्धन आईशी भांडतो आणि त्या निळ्या दारातून निघून जातो. धाड! की पुढचं सोमवारी. त्याच दारावर अस्मितानं बोट ठेवलं. मी म्हणालो, शोधून दाखवतो. तेव्हापासून दर रविवारी दोन गाड्यांवर चौघं जण मालिकेतल्या जागा शोधत फिरतोय. मी लग्नाचे व्हिडिओ कापतो ना, त्यामुळे चित्राच्या कोपऱ्यात अर्धी पाटी किंवा एखादा विजेचा खांब दिसला तरी मला पुरतो.

आत्या, मन घट्ट कर. राजवर्धन आणि गौरीची पहिली भेट होते ते कोकणातलं गाव पर्वतीच्या मागे आहे. ज्या नदीत तिनं मंगळसूत्र सोडलं तो आपला कालवा. आणि लंडन, जिथे त्याची स्मृती जाते आणि परत येते, ते बाणेरला आहे. अस्मिताच्या ऑफिसशेजारची इमारत. ती रोज लंडनच्या दारात वडापाव खाते. हे कळलं तेव्हा ती फुटपाथवर बसून हसली, आणि मी ठरवलं की काय ते बोलायचं. पण कुठेही नाही. निळं दार सापडलं की त्या दारात.

कळलं असेलच. लोभ आहे, तो वाढवताना हात आखडू नकोस.

तुझा,
आमोद

सातारा
१२ जानेवारी २०२५

चि. आमोद यास अनेक आशीर्वाद.

लंडन बाणेरला निघालं हे वाचून मी दोन दिवस मालिका पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी पाहिली. राग किती धरायचा त्यालाही काही मर्यादा असते, हे तुला कळावं म्हणून सांगते. शेजारच्या गोदाबाईंना मात्र मी हे सांगितलेलं नाही. त्यांनी राजवर्धनची स्मृती परत यावी म्हणून संकष्टी केली होती.

तुझ्या बाबांचा फोन आला होता. घराच्या दाराच्या बिजागऱ्या पुन्हा बदलल्या म्हणे. पोरगा बाहेर पडला की जिन्यापर्यंत भांडी वाजतात, त्यामुळे तो घरी आहे की नाही ते विचारावं लागत नाही, असंही म्हणाले. ते लहानपणी जेवताना पाट आपटून उठायचे. त्यांच्या पाटाचंच तुझं दार झालं आहे.

मुलगी हसरी आहे हे बरं. पण दुसऱ्याच्या दारात उभं राहून आपल्या मनातलं सांगायची ही कसली पद्धत? आमच्या वेळी मुलं निदान स्वतःच्या सायकलला टेकून उभी राहायची. असो. सांग बाबा, कुठेही सांग.

सोबत तिळगूळ पाठवते. तो तुला नाही, तुझ्या तोंडाला आहे. आणि एक कर. सगळं पहिल्या ओळीतच सांगून टाकायची खोड सोड. शेवट शेवटी सांगावा. माणसानं मालिकांकडून काही शिकावं.

लोभ आहेच. वाढायला त्याला आता जागा उरलेली नाही.

तुझी,
हेमाआत्या

शनिवार पेठ, पुणे
२७ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तिळगूळ खाल्ला. उपयोग झाला नाही.

दार सापडलं. ते ना वाड्यात ना बंगल्यात, बिबवेवाडीच्या एका गोडाउनमध्ये आहे. वरदच्या काकांचा मंडपाचा व्यवसाय. त्यांच्या खुर्च्या तिथे जातात, तेव्हा काल खुर्च्यांबरोबर आम्हीही गेलो. सरमुकादमांच्या घराला कांद्याचा वास येतो, कारण मार्केट यार्ड जवळच. दार मात्र अगदी तसंच होतं, निळं, घोड्याच्या तोंडाचं पितळी कडं असलेलं. अस्मितानं ते उघडून पाहिलं. पलीकडे घर नव्हतंच. प्लायवूडची पाठ, आधाराचे बांबू, आणि एका बांबूवर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला.

चित्रीकरणाला जेवणाची सुट्टी होती. तिथली व्यवस्था बघणारे सुदर्शन म्हणून एक धिप्पाड गृहस्थ आहेत. त्यांनी बजावलं होतं, की बघायचं ते बघा, हात कशाला लावायचा नाही. मी अस्मिताला उंबऱ्यावर उभं केलं आणि लग्नाच्या भागात राजवर्धन गौरीला म्हणतो ते म्हणालो. तू नसशील तर हे दार म्हणजे नुसतं लाकूड.

तिचं नाक हसलं. मग बाकीची हसली. म्हणाली, हे तर त्याचं झालं, अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. तुझं काय ते सांग.

आत्या, माझं काही येईचना. मागे वरद उगाच खोकत होता, सुरुची मोबाईल रोखून उभी होती. मानेपासून डोक्यापर्यंत काहीतरी तापत गेलं. ज्यांना हसायचंय त्यांनी हसत बसा, असं म्हणून मी त्याच दारातून बाहेर पडलो. आणि दार आपटलं.

आधी दिवंगत सासऱ्यांची तसबीर हारासकट खाली आली. मग कोनाडा. मग सावकाश, जणू विचार करून, सगळी भिंत. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. सुदर्शन ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते अगदी हळू आवाजात म्हणाले, उचला.

भिंत उभी राहिली, पण मागचे दोन टेकू मोडले होते. राजवर्धनचं काम करणारा नट मुंबईला निघायचा होता, प्रसंग आत्ताच घ्यायला हवा होता. तेव्हा टेकू म्हणून आम्ही चौघं. मागून भिंत धरून उभं राहायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. माझ्यात आणि अस्मितात फक्त तो टॉवेलवाला बांबू.

आणि मग मी जे पाहिलं ते तू शुक्रवारी कधीच पाहणार नाहीस. पलीकडून राजवर्धन आईवर गरजला, लाल डोळ्यांनी दारातून आमच्या बाजूला आला, आणि आल्याबरोबर वळून, दोन्ही हातांनी कडं धरून, दार जरासं वर उचलून, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं त्यानं ते लावलं. आवाज शून्य. धाड हा आवाज मागाहून भरतात. मग म्हणाला, चहा आणा, साखर कमी. मी चकित होऊन अस्मिताकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मधल्या वेळात ती कुजबुजत बोलली. तिच्या घरी, हिंगणघाटला, वडिलांचं दार वाजलं की आई, ती आणि धाकटी बहीण गप्प होतात. मग कुकरची शिट्टीसुद्धा मोठी वाटते. ते वाईट नाहीत म्हणाली, आमच्यावर जीव आहे त्यांचा, पण दार वाजलं की मी अजून हातात असेल ते घट्ट धरून उभी राहते. माझ्या मनातलं तिला लंडनपासूनच माहीत होतं. नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची भीती वाटते, म्हणाली. मग म्हणाली, ज्या दिवशी तू खरोखर रागावून माझ्या घरातून निघशील आणि दार लावल्याचा आवाज आत मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी माझं हो समज.

मी काही बोलणार तेवढ्यात सुदर्शननी सगळ्यांना गप्प केलं. पुढे संध्याकाळपर्यंत भिंत धरून होतो. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसलेलो नाही.

तिच्या फ्लॅटचं दार, मी पाहिलंय, आपटल्याशिवाय लागतच नाही. आता सांग काय करू.

लोभ असाच ठेव. भिंत पाडणाऱ्यावरही ठेवतात.

तुझा,
आमोद

सातारा
२ फेब्रुवारी २०२५

चि. आमोद यास अनेक आशीर्वाद.

राजवर्धनचं दार वाजतच नाही? माझे इतके शुक्रवार मी दचकत आले, चहा सांडला, गोदाबाईंनी देवाचं नाव घेतलं, आणि तो आपला कमी साखरेचा चहा पितोय!

तुझ्या बाबांचा पुन्हा फोन. आवाज काळजीचा होता. म्हणाले, आठवडा झाला, आमोदचं दार वाजलेलं नाही, त्याला बरं नाही का? मी म्हटलं, बरं वाटायला लागलं असेल. तू सराव करतो आहेस हे मी सांगितलं नाही. परवा तू जिन्यात उभा राहून एकच दार तीनतीनदा लावत होतास, हेही त्यांनी सांगितलं. त्यांना वाटतं बिजागऱ्या तपासत होतास. वाटू दे.

मुलगी हसरी आहे असं मी मागे लिहिलं होतं. ती शहाणी आहे. तिनं तुझं कॉलेज विचारलं नाही, पगार विचारला नाही, दाराचं विचारलं. आता माझं ऐक. दार हळू लावायचं म्हणजे राग गिळायचा, असं नाही. राग तुझा आहे, तू बरोबर घेऊन जा. दाराच्या अंगावर कशाला टाकतोस?

रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो. उरलेला तिला दे. आणि पुढचं पत्र नीट लिही. शेवट शेवटी.

लोभ आहे, काळजी आहे, उत्सुकता तर फारच आहे.

तुझी,
हेमाआत्या

शनिवार पेठ, पुणे
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून अगदी क्रमानं लिहितो, आणि हे किती अवघड आहे ते मलाच ठाऊक.

मंगळवारी तिळगूळ पोचवला. अस्मितानं सांगितलं, की तिचे वडील रविवारी हिंगणघाटहून येताहेत, तर चहाला ये. वरदनं विचारलं, येऊ का टेकू म्हणून. मी नको म्हणालो. बाबांनी न विचारता माझा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. त्यांना कुणी सांगितलं हे मी तुला विचारत नाही.

तिचे वडील, रावसाहेब, आवाजानं मोठे आहेत, अंगानं नाहीत. आल्याबरोबर त्यांनी संत्री पुढे केली. मग विचारलं, कॉलेज कायले सोडलं बाप्पा? मी खरं ते सांगितलं, की अभ्यासाला कंटाळून नाही, रागानं सोडलं. ते म्हणाले, म्हणजे राग आला का सोडायचं, असं हाय का तुमचं? मी म्हणालो, होतं. मग पुढे ते थांबेचनात. लग्नाच्या व्हिडिओंवर पोट भरते का, मालिकांच्या मागे गाड्या फिरवणारा पोरगा संसाराच्या मागे काय धावणार, आमच्या पोरीनं भिंत पाडणारा बरा शोधला. ते सुरुचीच्या मोबाईलमधून त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं. सुरुची चहाच्या कपात तोंड घालून बसली.

भिंतीचं मला हसू आलं असतं. पण त्यानंतर ते म्हणाले, तुझ्या बापानं तुले काही शिकवलं नाही वाटते.

आत्या, तो राग सरावाचा नव्हता. मानेपासून निघाला आणि डोक्यात जाऊन बसला. बाबांनी इस्त्री केलेली कॉलर मला टोचायला लागली. माझ्या तोंडात अशी दोन वाक्यं तयार होती, की पुढचे सात भाग त्यावर निघाले असते. अस्मिता स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिनं फक्त हातातलं फडकं घट्ट धरलं.

इथे पत्र संपवतो. कळावे असं बरंच आहे, आणि लोभाला साताऱ्यात जागा नसेल तर थोडा पुण्याला पाठवून दे.

तुझा,
आमोद

ता. क. : राहिलंच. मी उठलो. रावसाहेबांना वाकून नमस्कार केला. म्हणालो, बाबांनी पुष्कळ शिकवलं, मीच उशिरा शिकतोय. येतो. त्यांची संत्र्याची फोड हातातच राहिली. राग होताच, पायताणं घालतानाही होता. तो सगळा बरोबर घेतला. विश्रांतवाडीचं ते आपटल्याशिवाय न लागणारं दार दोन्ही हातांनी धरलं, जरासं वर उचललं, आणि बाहेर उभं राहून लावलं. आवाज शून्य.