बाबांना फोन का दिला नाहीस?

इंदूर, मंगळवार

तीर्थरूप आईला चारूचा नमस्कार. बाबा जवळ असतील तर त्यांनाही.

मी मजेत आहे. मेसची भाजी आता बरी असते, आणि ऑफिसातल्या इंग्रजीच्या क्लासलाही जाते. आज सरांनी ‘रॅम्बल ऑन’ शिकवलं, म्हणजे मुद्दा सोडून नुसतं बोलतच राहणं. वाक्य करायला सांगितलं, तर मी तुझ्यावरच केलं. सगळे हसले. मला मात्र रविवारचा फोन आठवला.

मी विचारलं, "बाबा कुठे आहेत?" तू म्हणालीस, "इथेच तर आहेत. अगं ऐक ना, शेजारच्या मथुराबाईच्या कूलरची मोटर जळली!" मग मिस्त्री, मग मिस्त्रीची सून, मग सिंधीपुऱ्यातलं लग्न. बाबांना फोन काही दिला नाहीस. व्हिडिओ लावला तर म्हणे नेटवर्क नाही.

माझ्या परीक्षेच्या वेळी आजी दवाखान्यात होती, तेव्हाही तू फोनवर अशीच कुरडयांबद्दल बोलत राहिली होतीस. म्हणून या वेळी पत्र लिहितेय. यात तुला मध्येच विषय बदलता येणार नाही.

बाबांची शुगर वाढली का? कुठे पडले का? आपल्या दुकानात स्वप्निलदादा एकटाच बसतो का?

सोबत माझा पत्ता घातलेलं कोरं कार्ड ठेवलंय. त्यावर तू काही लिहू नकोस. बाबांना एकच ओळ लिहायला सांग. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

तुझी लेक,
चारू