तुझ्या शेताची राखण

प्रिय अकिनी,

आज शुक्रवार. सवयीने दोघींच्या भाकरी थापल्या गेल्या आणि तुझा असा राग आला की लिहायलाच बसले. शिवाय केनियातून तुझ्या लेकीचा आत्ताच फोन येऊन गेला. ते तुला नाही तर कुणाला सांगू?

आधी भांडून घेते. मी इथे कुवेतमध्ये फरवानियाच्या दवाखान्यात नर्स, आणि तू रुमैथियाच्या त्या घरात काम करत ताप अंगावर काढलास! एक फोन करायला काय झालं होतं गं?

दर शुक्रवारी सुट्टीला बसने माझ्याकडे यायचीस. माझ्या शेंगदाण्याच्या चटणीवर ताव मारत मोडक्या हिंदीत सांगायचीस, "आमच्याकडे भुईमूग बाईचं पीक. पैसे यायला लागले की पुरुषाचं." मी म्हणायचे, "बये, आमच्या साताऱ्यात तरी काय वेगळं?" किती हसायचो!

नवरा गेल्यावर दिराने तुला घराबाहेर काढलं. म्हणून इथे राबलीस, गावाकडे स्वतःच्या नावावर शेत घेतलंस. त्यात एक हंगामही पेरायला मिळाला नाही तुला. हे मला फार लागतं.

तू गेलीस तेव्हा तो दीर फोनवर म्हणाला, "तिकडेच पुरून टाका." मलाही वाटलं, माती काय, सगळीकडची सारखीच. तेवढ्यात फोनवर मागून तुझी पोर ओरडली, "आंटी, आईला आमच्या शेतात पुरलं नाही तर काका ते घेईल! इथे ज्याचं माणूस जिथे पुरलंय, ती जमीन त्याची." मला कुठे ठाऊक होतं? मग मी तुझ्या मॅडमच्या दारात ठाणच मांडलं. तीही बिचारी रडत होती. तुला गावी पाठवायचे कागद तिनेच भराभर करून दिले. तुला विमानात चढवूनच मी घरी आले.

आता आजचं ऐक. "भावाच्या बायकोचं ते माझंच," म्हणत दीर बैल-नांगर घेऊन शेतात आला. तुझी लेक आणि गावातल्या विधवा बायका कुदळी घेऊन तुझ्या थडग्यापाशी बसल्या. म्हणाल्या, "घाल नांगर वहिनीच्या अंगावर!" बैल वळवून चालता झाला! मग त्यांनी तिथे भुईमूग पेरला.

मी शाब्बास म्हटलं आणि फोन ठेवून ढसाढसा रडले. जन्मभर राबलीस, आणि आता मेल्यावरही राखणीला बसलीस. तुला विसावा कधी गं?

लेक मला सारखी विचारते, "आंटी, मला कुवेतचा व्हिसा मिळेल?" अकिनी, शब्द देते. कितीही गळ घालू दे, मी तिला इथे आणणार नाही. तिचं पीक तिच्याच हाताने निघेल.

तुझी,
सुनंदा