मोडून विकायची माय

मी, निर्मलाबाई रतिलाल पाटील, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार सारंगखेडा, ता. शहादा, जि. नंदुरबार, पूर्ण शुद्धीत, कोणी धमकावलं-फुसलावलं नसताना, अतिशय आनंदात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. वरचं वाक्य वकीलसाहेबांनी सांगितलं, त्यातलं "अतिशय आनंदात" तेवढं माझं. इथून पुढे सगळंच माझं.

१. मला दोन अपत्ये. मुलगा धर्मेंद्र पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. मुलगी ममता रनाळ्याला दिली. धर्मेंद्र फार हुशार, त्याचं त्यालाही ठाऊक आहे. या दिवाळीत जेवायला बसला आणि शेवेची भाजी गार होईस्तोवर अमेरिकेच्या कंपन्या सांगत राहिला. ॲपल पुढे की एनव्हिडिया पुढे, मायक्रोसॉफ्ट कुठवर आली. मी विचारलं, यातली जास्त माल विकते कोण? नातू भाग्येश म्हणाला, "आजी, विक्री ॲमेझॉननी कितली तरी जास्त शे, पन किंमत एनव्हिडियानी जास्त."

"आसं कसं? किंमत कोन ठरावस?"

"बजार ठरावस," धर्मेंद्र म्हणाला. "लोकेस्ले वाटस, उद्या हाई कंपनी आखो कमाडी. त्या उद्यानी किंमत ती. तुले नई समजाव, माय."

मला चांगलं समजलं. माझे मालक घोड्यांच्या व्यापारात होते. आमच्या यात्रेत एखाद्या घोड्याची किंमत कोटीत सांगतात, लोक फोटो काढतात, आणि घोडा आला त्याच गाडीत बसून घरी जातो. मालक आधी घोड्याची चाल बघायचे, मग चंदी किती खातो ते विचारायचे, किंमत सगळ्यात शेवटी. म्हणून मी विचारलं, तुमच्या त्या एनव्हिडियाची यंत्रं वीज किती खातात? उत्तर म्हणून भाजी वाढ म्हणाले.

मी मोरीत हात धुवायला गेले. धर्मेंद्रला वाटतं मला ऐकू येत नाही. तो बायकोला, प्रतिभाला, सांगत होता, "काही कंपन्या चालू ठेवापेक्षा मोडीसन इकी त जास्त पैसा येस. आपली माय तशीच शे." प्रतिभा हसली. मोरीत मीही हसले. मुलाच्या शिक्षणाचं चीज झालं.

२. मोडायचं काय, तर कळसाडी शिवारातली माझी बागायत. ती मला माझ्या वडिलांनी बक्षीसपत्राने दिली, माझ्या एकटीच्या नावावर आहे, आणि ती वाटेल त्याला देण्याचा मला हक्क आहे. दिवाळीनंतर शहाद्याचे प्लॉटवाले इंद्रसिंग दोनदा येऊन गेले. शेताचं विचारीनात, माझी तब्येत विचारत होते. गोळ्या कोणत्या, धाप लागते का, डॉक्टर काय म्हणतात. सख्ख्या भावाने इतकी चौकशी केली नसती. मी चहा दिला आणि खोकून दाखवलं, तेव्हा खूष होऊन बोलून गेले. धर्मेंद्रने जमिनीचा इसार घेतला होता, आणि तो मोबाइलवरून त्या एनव्हिडियात घालून मोकळाही झाला होता. जमीन माझी, जीव माझा, उद्या कुणाचा ते यांनी परस्पर ठरवलं.

तरी ही सगळी जमीन, विहीर आणि मोटारीसह, मी ममताला देते. ममताने हुरळून जाऊ नये. ती लाडकी आहे म्हणून देत नाही. तिचा फोन येतो तो "माय, कशी शे तू?" आणि लगेच "कळसाडीनं काय ठरनं?" मधे श्वाससुद्धा घेत नाही. धर्मेंद्रला जास्तीत जास्त झोंबेल असं दुसरं कोणी मला सापडलं नाही, म्हणून ममता. इंद्रसिंगचा इसार ज्याने घेतला त्याने परत करावा. त्यांनी दुप्पट मागितला तर दुप्पट. शेअर त्या दिवशी वर असतील तर बरं, खाली असतील तर मला आणखी बरं.

३. सून प्रतिभा हिला कान तुटलेला चहाचा कप. पुण्याला मी गेले की तो माझ्यासाठी वेगळा काढून ठेवायची, माझ्या कपात दुसरं कोणी पीत नसे. त्याची बाजारातली किंमत तिने ठरवावी.

४. राहतं घर आणि म्हैस नातू भाग्येशला. पोरगं मला शिकवताना हसलं नाही. अट एकच, बापाला या घरात पाहुण्यासारखं ठेवावं, तीन दिवस. म्हशीचं दूध रोख पैशाने द्यावं.

५. माझ्या तेराव्याला इंद्रसिंगांना आग्रहाने बोलवावं आणि धर्मेंद्रच्या शेजारी बसवावं. दोघांना पोट भरेपर्यंत वाढावं. घाईने उठू देऊ नये.

६. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदार असा घ्या की ज्याला या कागदातून काही मिळत नाही. आणि त्याने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, माझी सही होताना पाहिली म्हणजे झालं. असा एक माणूस यात्रेसाठी घरी आलेलाच आहे, ओट्यावर बसून मोबाइलात भाव बघतो आहे. इथवर लिहून मी त्याला आवाज दिला, "धर्मा, एक सही करशी का?"

"कशानी शे?"

"कळसाडीना कागद शे."

"आन मंग."

इतक्या चटकन तो माझ्या हाकेला जन्मात उठला नव्हता. वकीलसाहेबांनी वरचा मजकूर कोऱ्या कागदाने झाकला. धर्मेंद्र म्हणाला, "माय, तू बस, मी पेन आनस."

लिहून देणार: निर्मलाबाई रतिलाल पाटील (सही)

साक्षीदार:
१. नवलसिंग गिरासे, शेजारी (सही)
२. धर्मेंद्र रतिलाल पाटील, मुलगा (सही, इंग्रजीत)

ठिकाण: सारंगखेडा
दिनांक: ६ डिसेंबर २०२५