खिडकीपाशी बसलेले गृहस्थ

७ जानेवारी २००८
आज भाईंदरच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. चिपळूणहून आणलेलं सामान मीरा रोडच्या खोलीत अजून बांधलेलंच आहे, पण मन मात्र इथे लगेच लागलं. पहिल्या मजल्यावर लांबट हॉल. पश्चिमेच्या खिडकीतून मिठागरं दिसतात, वारा फिरला की सुक्या बोंबलांचा वास येतो. शिपाई लवू उत्तनचा. बोलतो कमी, चहा फक्कड करतो. ट्रस्टचे चिटणीस धनेशभाई दुपारी येऊन गेले. हल्ली पोरं पुस्तकाकडे येत नाहीत, कॉम्प्युटरसमोर बसतात, तर आपणच तिथे जाऊ, वाचनालयाचा ब्लॉग काढा म्हणाले. स्वतःचा डिजिटल कॅमेराही ठेवून गेले. ग्रंथालयशास्त्राच्या कोर्सला हे शिकवलं नव्हतं. पण मजा येईल.

१० जानेवारी
ब्लॉग सुरू झाला! इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं. 'ज्ञ' सापडेपर्यंत मात्र अर्धी सकाळ गेली. पहिल्या पोस्टमध्ये नव्या पुस्तकांची ओळख आणि खाली रिकाम्या हॉलचा फोटो. संध्याकाळी पहिली कॉमेंट आली, मुलुंडच्या कुणा मनोरमाबाईंची. हॉल प्रसन्न आहे, आणि खिडकीपाशी वाचत बसलेल्या गृहस्थांना बघून वडिलांची आठवण झाली, असं त्यांनी लिहिलंय.

फोटो काढताना हॉलमध्ये मी एकटीच होते. दुसऱ्या कुठल्या ब्लॉगची कॉमेंट चुकून इथे पडली असेल.

१६ जानेवारी
कालच्या पोस्टला बालविभागाच्या कपाटाचा फोटो टाकला होता. तिघांनी विचारलंय, हे आजोबा कोण? मी फोटो मोठा करून कोपरान् कोपरा पाहिला. कपाट आहे, रिकामी खुर्ची आहे.

शेवटी चिपळूणला बहिणीला, नेहाला फोन केला. ती सायबर कॅफेत जाऊन बघून आली. म्हणाली, आहे की गं, पांढरा सदरा, मान खाली घालून वाचतोय. नेहा माझ्याशी खोटं बोलत नाही. डोळे तपासून घ्यायला हवेत.

१९ जानेवारी
डोळे ठीक आहेत.

आज लवूला बोलावून स्क्रीन दाखवली. तो स्क्रीनजवळ वाकला नि हळूच म्हणाला, "बाई, आज त्यानं मान वर केलीय. तुमच्याकडंच बगतोय."

माझ्याकडे म्हणजे कॅमेऱ्याकडे. कॅमेरा माझ्याच हातात होता. लवू तेव्हापासून हॉलमध्ये यायला तयार नाही. दारातूनच चहा देतो.

२२ जानेवारी
धनेशभाईंना सांगितलं, ब्लॉग बंद करू. ते हसले. त्यांनाही तो दिसतो, पण ही माझीच कॉम्प्युटरवरची करामत आहे असं त्यांना वाटतंय. बाई, दिमाग चांगलं चालवलं तुम्ही, म्हणाले. भेटींचा आकडा रोज चढतोय, लोक त्याला शोधायला येतायत. रोज एक फोटो टाका, असा हुकूम करून गेले.

२४ जानेवारी
आज हॉलचा फोटो काढलाच नाही. टेबलावर पुस्तक ठेवून नुसतं मुखपृष्ठ टिपलं.

मनोरमाबाईंची कॉमेंट – पुस्तकाच्या कडेवर ही बोटं कुणाची?

२५ जानेवारी
धनेशभाईंकडे राजीनामा दिला, तीस तारखेला किल्ल्या परत करायच्या. त्यांचं काही ऐकून घेतलं नाही. कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावलं. पासवर्ड बदलला. आता कुणालाच पोस्ट टाकता येणार नाही.

२८ जानेवारी
ब्लॉगवर नवी पोस्ट आहे. मी टाकलेली नाही. शब्द एकही नाही, फक्त फोटो. खाली कॉमेंट – आज ते गृहस्थ दिसत नाहीत, गेले वाटतं.

क्षणभर किती बरं वाटलं. मग फोटो नीट पाहिला. काउंटरवर वाकून लिहिणारी मी. पाठमोरी. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं, लवू सुट्टीवर.

तो फोटोत नाही, कारण –

कपाट उघडलं. कॅमेरा जागेवर आहे. गरम लागला हाताला.

२९ जानेवारी
पोस्ट काढून टाकली. परत आली, पण फोटो नवा. मीरा रोडची खोली – दोरीवर माझी साडी – स्टोव्हपाशी मी. मानेवरचा तीळही दिसतोय. इतक्या जवळून.

लोक विचारतायत, फोटो कोण काढतं, हात छान आहे.

३० जानेवारी, सकाळ
किल्ल्या द्यायला आले. दुपारची चिपळूणची गाडी. धनेशभाई अजून आले नाहीत. लवू खाली जिन्यात थांबलाय, हाक मारली तर ओ देतो.

नेहाचा फोन. रडत होती. म्हणाली, "ताई, आत्ता ब्लॉग बघू नकोस. नुसती निघून ये."

पाहिला.

माझा हात. पेन. हे पान. अक्षर माझं, वाचता येतंय – पण फोटोत पानावर माझ्यापेक्षा जास्त लिहिलंय. मी अजून इथंवरच आलेय. तिथे पुढे एक ओळ आहे, 'लवूला हाक मारली, ओ आली ती पाठीमागून' –

लवूला हाक मारली