श्रीनिवासरावांच्या नावाचे तिळपाणी

ब्रह्माघाट, काशी

ती. यज्ञेश्वरदादांच्या चरणी ढुंढिराजचा साष्टांग नमस्कार.

तुमचे सासरे श्रीनिवासराव धडधाकट आहेत, आज पर्वतीही चढून आले, असे सीतावहिनींनी आत्ताच माहेरून फोनवर कळवले. (आणि फोन ठेवला. माझी विचारपूस केली नाही. मीही ती अपेक्षा ठेवली नव्हती.) तुमचा गुडघा कसा आहे? इकडे आई बरी आहे. मी आहे.

झाले ते दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळावे, म्हणून लिहितो. दुर्गाघाटचा कुणाल आठवत असेल, आमच्या वडिलांकडे थोडी संथा घेऊन पळालेला. तो हल्ली तीर्थश्राद्धाचे पॅकेज विकतो. होडी, जेवण, फोटो, सगळे माझ्या निम्म्या दक्षिणेत. पाच-सहा कुटुंबे एका रांगेत बसवायची आणि माइकवरून सांगायचे, की झाले. मी पुष्कळ दिवस हसलो. मग यजमान स्टेशनवरूनच फोन करून त्याचा भाव मला ऐकवू लागले, आणि यंदा पितृपक्षातही माझी पायरी रिकामी राहिली. आमची सौ. मुक्ता म्हणाली, "तुमचे उच्चार फार शुद्ध आहेत, पण ते कुकरमध्ये शिजत नाहीत."

अशात तुमच्या सांगण्यावरून तुमचा मेहुणा केयूर त्याच्या आईच्या श्राद्धाला आला. त्यानेही अगदी नम्रपणे कुणालचा भाव सांगितला. मी हो म्हटले, आणि ते परवडावे म्हणून त्याला जालन्याच्या एका कुटुंबाशेजारी एकाच बैठकीत बसवले. जालनेकरांचे वडील गेलेले, केयूरची आई. हे मला पक्के ठाऊक होते, दादा. पण प्रत्येकाची नावे वेगळी सांगण्यात वेळ जातो, म्हणून मी कुणालसारखेच म्हटले, "आता सगळ्यांनी आपापल्या वडिलांचं नाव घ्या." जालनेकरांनी घेतले. केयूरनेही घेतले (कॉम्प्युटरवाली मुले सूचना पाळतात) आणि तिळाचे पाणी सोडले. हयात वडिलांच्या नावाने तर्पण करायचे नसते, हे नुकती मुंज झालेल्या मुलालाही समजते.

तेवढ्यात केयूरच्या बायकोच्या, अंतराच्या, हातातल्या फोनमधून शांत आवाज आला, "केयूर, मी अजून नाश्तासुद्धा केलेला नाही." श्रीनिवासराव पुण्याहून व्हिडिओवर सगळे पाहत होते. जालनेकरांनी भक्तिभावाने हात जोडले. त्यांना वाटले, पितर बोलले. शेजारच्या पायरीवरून कुणालने विचारले, "का गुरु, अब जिंदा वाला भी होने लगा? उसका रेट अलग है क्या?" सबंध घाट हसला.

ते मी सोसले असते. पण केयूरने माझ्याकडे पाहून हळूच विचारले, "गुरुजी, हे असंच असतं ना?" आणि मी मान डोलावली. चूक घाईत झाली होती. मान मात्र मी सावकाश हलवली. आमच्या वडिलांनी ज्या पायरीवर बसून मला शिकवले, तिथेच. तेव्हापासून मुक्ताशीही धड बोलवत नाही.

सर्वांना नमस्कार सांगा. (सीतावहिनींना तुम्हीच योग्य वेळ पाहून.)

आपला,
ढुंढिराज

ता. क. श्रीनिवासराव याची शांती करायला जातीने काशीला येणार, असे केयूर म्हणाला. ती मी दक्षिणा न घेता, एकट्या त्यांच्यासाठी, सावकाश करीन. एवढा शब्द माझ्यासाठी टाका. खरे तर त्यासाठीच हे पत्र.

ता. क. २ वरचे विसरा. शांतीचे काम कुणालला मिळाले. अंतराने त्याच दिवशी त्याचे कार्ड घेतले होते म्हणे. ती शांती त्याला येत नाही. आत्ताच तो घरी येऊन, मला 'गुरुजी' म्हणून, त्याच्या भावात विधी सांगायला बोलावून गेला, आणि मी गेलो नाही तर कोणीतरी काहीतरी पुटपुटेल म्हणून मी हो म्हटले. सोमवारी तो पुढे बसून ओठ हलवेल, मी मागे उपरण्यात तोंड लपवून मंत्र म्हणेन. श्रीनिवासराव माझा आवाज ओळखतील. तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर याच, आणि विधी चालू असेपर्यंत त्यांच्याशी सारखे बोलत राहा.