उघाडीकडचा तुकडा

मी, पुतळी महिपती घरत, वय सत्तरीच्या पुढे, राहणार मौजे खारजुई, तालुका पेण, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून करून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला आलेला माणूस खाडीच्या चिखलात बसला होता, ते पुढे येईलच. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या एकटीच्या नावावर आहे.

१. राहते घर मुलगा धनेश यास. तो नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातो, झोप अर्धवट होते, म्हणून माडीवरची खोली त्याचीच. मात्र मुलगी मनस्वी वरश्याहून माहेरपणाला येईल तेव्हा ओटीलगतची खोली तिला मोकळी करून द्यावी. आणि भाऊ-बहिणीने टीव्हीवरून भांडू नये, आता पोरं लग्नाला आली तुमची.

२. माझ्या पाटल्या मनस्वीला. ठुशी सून पूजा हिला. पूजाने माझी बोलणी खूप खाल्ली आणि तरी चहा कधी गार दिला नाही. गुणाची आहे, हे तोंडावर म्हणायला जमलं नाही म्हणून इथे लिहिते.

३. खाऱ्या जमिनीत तग धरणारं लाल भाताचं बियाणं दोघांनी निम्मं निम्मं घ्यावं आणि दरवर्षी पेरावं. डब्यात ठेवून त्याची पूजा करू नये.

४. बांधाबाहेरची तिवरं, म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं, माझी नाहीत, म्हणून ती कोणाला देता येत नाहीत. पण लाटेचा पहिला मार तीच खातात, मग बांध टिकतो. जो तोडील त्याला माझ्या नावाने शिव्या देण्याचा हक्क मी सर्व गावाला देत आहे.

५. आता उघाडीकडचा तुकडा. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते: बांधातल्या ज्या दारातून पावसाचं पाणी खाडीत सोडतात आणि भरतीला खारं पाणी अडवतात, ती उघाडी. ती माझ्या या तुकड्यात आहे. गेल्या वर्षी धनेश एका जमीनदलालाला घेऊन आला. तो म्हणाला, "आजी, एवढा तुकडा द्या, भराव टाकला की बाकीचे शेतकरी आपोआप विकायला तयार होतील." मी विचारलं, "उघाडी बुजवलीस तर गावाचं पाणी जाईल कुठून?" म्हणाला, पाइप टाकू. मग जागा बघायला गुळगुळीत बूट घालून बांधावर गेला आणि थेट खाली. त्याला दोरी टाकून वर ओढलं ते शेजारच्या बाबाजीने. "साहेब, ही खाडी हाय, रस्ता नाय," एवढंच तो बोलला. मी पदर तोंडाला लावून हसले.

या बाबाजीशी मी तरुणपणापासून बोलत नाही. त्याने एकदा जिताडा माशाची पिल्लं स्वतःच्या तळ्यात यावीत म्हणून भरतीला गुपचूप उघाडी उघडली. पिल्लं आली, पण सोबत खारं पाणी पोटरीला आलेल्या, लोंबी फुटायच्या बेतातल्या माझ्या भातात शिरलं. सगळं भात करपलं. तेव्हा मी रडले होते, आजही आठवलं की डोकं तापतं.

पण मी ओटीवर बसते, मला दिसतं. तेव्हापासून प्रत्येक उधाणाला हा माणूस फावडं घेऊन जातो आणि माझ्या बाजूच्या बांधातली खेकड्यांची बिळं बुजवतो, नाहीतर त्यांतूनच बांध फुटतो. कोणाला सांगत नाही. शिवाय त्याचं शेत सर्वांत सखल. उघाडी बंद झाली तर पहिलं त्याचंच भात बुडणार.

म्हणून उघाडीकडचा तुकडा मी बाबाजी यास देत आहे, त्याच्यामागे तो गावकीचा. हे ऐकून धनेश म्हणाला, "आई, दुश्मनाला? तो तर मेला तरी विकणार नाय." मी म्हटलं, "व्हय. म्हणूनच." धनेश आधी फुगून बसला, मग हसायला लागला. चांगला मुलगा आहे माझा, दलालाच्या नादाला लागला होता इतकंच.

६. ज्याला मिळायचं आहे त्याची साक्ष घेऊ नये, असं वकील म्हणाले, म्हणून धनेशने बोलावून आणलेला बाबाजी लिहिणं होईपर्यंत ओटीवर थांबला. मी बाहेर जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पुतळे, आणि मी तुकडा इकला तर गो?"

"तर पुन्हा बोलणार नाय तुझ्याशी."

त्याने डोळे पुसले, फावडं उचललं आणि बांधाकडे गेला. त्याच्या घरून आलेला जिताडा पूजा तळते आहे. साक्षीदारांनी सह्या करून जेवूनच जावे.

सही: पुतळी महिपती घरत

साक्षीदार:
१. नूतन (गावची आरोग्यसेविका. रक्तदाब तपासला, ठीक आहे.)
२. दत्तात्रेय (निवृत्त शिक्षक, राहणार कासू)

ठिकाण: खारजुई
दिनांक: २४ जुलै २०२५, आषाढ अमावास्या. उधाण येऊन गेलं. बांध शाबूत.